ओसरीची तुळई

बुलढाण्याच्या एका साहेबाची बदली झाली, त्याच्या बंगल्यातलं सामान लिलावात निघालं, आणि नारायणराव मास्तरांनी जन्मात पहिल्यांदा लिलावात हात वर केला. वेताची झुलती खुर्ची होती ती. पाठ उंच, दोन्ही बाजूंना वळलेल्या कडा, वर जाड साखळी. छताला टांगायची आणि आत बसून हलके झोके घ्यायचे. मोटारीच्या टपावर बांधून ती मेहकरला आली, तेव्हा उतरवून घेणाऱ्यांना वाटलं, पेन्शनीत निघाल्यावर मास्तरांनी कोंबड्या पाळायचं मनावर घेतलं.

मास्तरांच्या पत्नी सरस्वतीबाईंनी बाजेवरूनच ती पाहिली. "मले परडीत घालून टांगता काय आता?" त्या म्हणाल्या. पण डोळे हसले होते, आणि ते मास्तरांच्या नजरेतून सुटलं नाही.

दोन वर्षांपूर्वी सरस्वतीबाई शिडीवरून पडल्या होत्या. धाब्यावर, घराच्या सपाट मातीच्या छतावर, कुरडया वाळत घालायच्या होत्या. शिडीची तिसरी पायरी सैल झाली होती, ती मास्तरांनीच सुतळीनं आवळून बांधली होती, आणि "पक्की आहे, चढ" असंही तेच म्हणाले होते. खुब्याचं हाड मोडलं आणि जुळलं ते वाकडं. तेव्हापासून बाईंना खाली बसता येत नव्हतं, फार वेळ उभं राहता येत नव्हतं. ओसरीत बाजेवर पडून छताकडे पाहत राहायचं, एवढंच उरलं होतं. त्यांनी कधी एका शब्दानं दोष दिला नाही. मास्तरांना मात्र ते "पक्की आहे" रोज स्वतःच्याच आवाजात ऐकू येई. म्हणून या खुर्चीच्या बाबतीत त्यांनी मनाशी ठरवून टाकलं होतं: आपण कशालाही पक्कं म्हणायचं नाही, आणि दुसऱ्या कुणी म्हटलं तर मानायचं नाही.

मिस्त्री म्हणून कय्यूमला बोलावलं. गावातली निम्मी दारं त्याच्या हातची होती. माणूस कामाला चोख, पण बोलणं इतकं कमी की समोरच्याला उगाच वाटावं, हा काहीतरी लपवतो आहे. मास्तरांनी चार कागद भरून टिपणं काढली होती. ती त्यांनी मोठ्यानं वाचून दाखवली. आकडा नुसता ठोकायचा नाही, कारण तो हळूहळू सैल होतो. ओसरीच्या छताखालच्या तुळईत गिरमिटानं भोक पाडून बोल्ट आरपार घालायचा. वर लोखंडी चकती, तिच्यावर नट. साखळीच्या कड्या एकेक तपासायच्या. कय्यूमनं सगळं ऐकून घेतलं, लाकूड तासायच्या वाकसाच्या पाठीनं तुळईवर दोन-तीन ठोके दिले, कान लावला आणि "उद्या सांगतो" म्हणून निघून गेला.

दुसऱ्या दिवशी आला तो तिसराच सूर घेऊन. "मास्तर, ही तुळई सडली. बदलावी लागन. अन् ते करायचं तं वरची माती समदी उतरवावी लागन."

मास्तर चकित झाले. तुळई सागवानाची, आजोबांनी जळगाव जामोदकडून, सातपुड्याच्या पायथ्याहून गाडीवर आणवलेली. तेलपाणी वेळच्या वेळी होत होतं. "आणि जुन्या तुळईचं काय करायचं?" त्यांनी विचारलं.

"ते पाहू मंग," कय्यूम दुसरीकडे पाहत म्हणाला.

तेवढं पुरे झालं. शंकेला घरात पाय ठेवायला जागा मिळाली की ती हातपाय पसरते. त्यात शेजारचे उत्तमराव संध्याकाळी भिंतीवरून डोकावले. त्यांनी आवाज खाली करून सांगितलं, की जुनं सागवान आता मिळत कुठे? चांगलं लाकूड सडकं म्हणायचं आणि फुकटात घरी न्यायचं, ही मिस्त्री लोकांची जुनी रीत. मग त्यांनी खरी तक्रार काढली. कय्यूम काल दुपारी मास्तरांच्या धाब्यावर चढला होता, आणि त्यानं हाक दिली नव्हती.

हे मात्र साधं नव्हतं. धाबी एकाला एक लागलेली. वर चढणाऱ्याला चार घरांची अंगणं दिसतात, मोऱ्या दिसतात. म्हणून चढण्याआधी "धाब्यावर येतो होऽ" अशी हाक द्यायची, बायाबापड्यांना आडोशाला जायला वेळ द्यायचा, मगच शिडीवर पाय ठेवायचा. चोरसुद्धा ही रीत पाळत असेल, असं उत्तमराव म्हणाले. मास्तर त्या वेळी आत झोपले होते. त्यांच्याच घरावर, त्यांना न सांगता, माणूस चोरपावलांनी गेला होता.

दुसऱ्या सकाळी शिडीच्या मागे त्यांना बांबूची एक कामटी सापडली. एका टोकाला तासून अणकुची केलेली, मध्ये चाकूची खूण, आणि अणीपासून खुणेपर्यंत पांढरी माती वाळून चिकटलेली. मास्तरांनी ती हातात फिरवून फिरवून पाहिली. धाब्यात काय खुपसून पाहत होता हा? लोक धाब्याच्या मातीत डबे पुरून ठेवतात, असं त्यांनी ऐकलं होतं. आपल्या बापानं काही पुरलं असेल आणि ते कय्यूमला ठाऊक असेल, असंही क्षणभर त्यांच्या मनात आलं. आपलंच हसू आलं, तरी कामटी त्यांनी पंचांगामागे लपवून ठेवली.

त्याच दिवशी बाजारातून लवकर परतताना त्यांनी दारातून पाहिलं. कय्यूम ओसरीच्या पायरीवर बसला होता आणि सरस्वतीबाई बाजेवरून हलक्या आवाजात त्याला काही सांगत होत्या. मास्तरांची चाहूल लागताच दोघंही गप्प झाले. कय्यूमनं सलाम केला, निघाला. बाईंनी विषय भाजीवर नेला, वांगी कशी निघाली विचारलं. पस्तीस वर्षं वर्गात घालवलेल्या माणसाला, आपण आत येताच बोलणं का थांबतं, हे कळत नाही असं नाही. पण आपल्याच बाईला काय विचारायचं? आणि तिनं विचारलं, की शंका कसली, तर काय सांगायचं? त्या दिवशी ते दोन घास कमी जेवले.

दुपारी बाईंचा डोळा लागल्यावर त्यांनी पोत्याला शिवण घालायचा दाभण घेतला, स्टुलावर चढले आणि तुळईत टोचला. दाभण शिरला नाही. त्यांनी हातभर सरकून पुन्हा टोचला, मग भिंतीजवळ, मग खांबाजवळ. बोटांची सालं निघाली, पण सागवान लोखंडासारखं होतं. म्हणजे लाकूड शाबूत होतं. कय्यूम खोटं बोलत होता. आपला संशय खरा ठरल्याचा आनंद व्हायला हवा होता, पण तो झाला नाही. कारण त्या खोट्यात सरस्वतीबाई कुठे तरी होत्या.

दुसऱ्या दिवशी कय्यूम हत्यारं घेऊन आला, तेव्हा मास्तरांनी त्याला ओसरीतच उभं केलं. दाभण आणि कामटी त्याच्यापुढे ठेवली. आवाज चढवायची त्यांना सवय नव्हती, म्हणून तो उलट फारच हळू निघाला.

"लाकूड शाबूत आहे. मी पाहिलं. तू धाब्यावर हाक न देता चढलास. ही कामटी तुझी. तुळई सडली म्हणून मला का सांगितलंस?"

 कय्यूमनं बाजेकडे पाहिलं. ती नजर मास्तरांनी पाहिली.

"त्याले काऊन इचारता," सरस्वतीबाई म्हणाल्या. "मले इचारा. सांगितलं मीच त्याले."

त्यांनी बाजेच्या कडेला धरून स्वतःला अर्धं उठवलं. "दोन वर्सं झाली, मी या तुळईखाली पडून हाय. दुपारी ऊन तापलं का ते कण्हते. तुमाले ऐकू येत नाही, तुमचं ध्यान पुस्तकात. म्हून मी कय्यूमले म्हटलं, वरती जाऊन माती किती हाय ते पाहून ये. हाक देऊ नको, मास्तर जागे होतील. उत्तमरावच्या सुनेले मी आधीच सांगून ठेवलं होतं. ते त्या वक्ताले घरातच राह्यली. उत्तमरावाले घरातली गोष्ट कोन सांगते?"

"माती?" मास्तर म्हणाले.

कय्यूमनं कामटी उचलली आणि खूण दाखवली. "दीड हात, मास्तर."

मग कुठे नारायणरावांच्या डोक्यात उजेड पडू लागला, आणि तो सुखाचा नव्हता. दरवर्षी मृगाच्या आधी गावाबाहेरच्या पांढरीतून, पांढऱ्या मातीच्या टेकाडातून, गाढवांवर माती आणायची आणि धाब्यावर टाकायची, म्हणजे पावसाळ्यात घर गळत नाही. आजोबांनी टाकली. वडिलांनी टाकली, आणि बजावलं, की धाब्याची माती कधी काढू नये, भर घालत जावी. मास्तरांनी बत्तीस वर्षं भर घातली होती. शाळेच्या एकाही मुलाला त्यांनी बेरीज चुकवू दिली नव्हती, आणि आपल्याच डोक्यावरची ही बेरीज त्यांनी कधी करून पाहिली नव्हती.

"लाकडाचा कसूर नाही," कय्यूम म्हणाला. "पन त्याच्या डोक्यावर तीन पिढ्या बसल्या हायेत. अन् बसलेल्या मानसाचं वजन येक, झुलणाऱ्याचं दुप्पट. आता त्यालेच भोक पाडून खाली बाईले टांगलं, तं खुर्ची काय, ओसरी खाली येईन."

"मग हेच मला सांगायचं."

"मी नको म्हटलं त्याले," बाई म्हणाल्या. "शिडीचं तुमाले अजून पचलं नाही. हे कळलं अस्तं तं तुमी खुर्ची उलटपावली मोटारीवर चढवली अस्ती, अन् मी जन्मभर छतच पाहत राह्यली अस्ती. तुळई सडली म्हटलं का माती उतरन, माती उतरली का तुळई चांगली निघन. तुमाले काही लागलं नस्तं."

 ज्या माणसाला ते दोन दिवस मनात चोर म्हणत होते, तो त्यांच्यासाठी आपल्या तोंडावर खोटेपणाचा डाग घेऊन उभा होता. माफी कशी मागायची, हे त्यांना सुचेना. शेवटी त्यांनी पायातल्या वहाणा काढल्या, धोतर खोचलं आणि फावडं मागितलं.

शिडीच्या पहिल्या पायरीशी थांबून त्यांनी हाक दिली, "धाब्यावर येतो होऽ." एवढ्या मोठ्यानं ते जन्मात कधी ओरडले नव्हते. उत्तमराव बाहेर आले, आणि मास्तरांच्या हातातलं फावडं पाहून काही न विचारता आत गेले.

सहा दिवस गाढवं माती घेऊन पांढरीकडे परत गेली. वर वीतभर माती ठेवली, ती चोपून बसवली. कय्यूमनं तुळईखाली, खुर्चीच्या जागेपासून हातभर अंतरावर, सागवानी खांब दिला. बोल्ट आरपार घातला, चकती मास्तरांनी बोटानं चाचपून पाहिली. मग साखळीला बाईंच्या दुप्पट वजनाची सरकीची पोती टांगली. तुळईखाली भिंतीपासून भिंतीपर्यंत दोरा ताणला, म्हणजे लाकूड केसभर वाकलं तरी कळावं. तीन दिवस मास्तर येता-जाता दोऱ्याकडे पाहत होते. एकदा तर त्यांना दोराच खाली आला असा संशय आला आणि त्यांनी फूटपट्टी आणली. तुळई हलली नव्हती.

चौथ्या दिवशी पोती उतरवली. सरस्वतीबाई एका हाताने मास्तरांचा खांदा धरून खुर्चीपाशी आल्या आणि थांबल्या.

"सांगा," त्या म्हणाल्या. "पक्की हाय का?"

"कय्यूमला विचार."

"तुमी सांगा. मंग बसीन मी."

कय्यूम हत्यारं आवरण्यात गुंतला होता. त्यानं मान वर केली नाही. मास्तरांनी बोल्टकडे पाहिलं, खांबाकडे पाहिलं, साखळीची प्रत्येक कडी पाहिली. मग ते स्वतःच खुर्चीत बसले, पाय उचलले, दोन झोके घेतले आणि उतरले.

"पक्की आहे," ते म्हणाले. "बस."

बाई बसल्या. पाय जमिनीवरून सुटले. मग हळूच म्हणाल्या, "बाजारापर्यंतचा रस्ता दिसते इथून." थोड्या वेळानं पुन्हा म्हणाल्या, उत्तमरावांच्या दारातली शेळी दोरी खाऊन राह्यली, कुणी तरी सांगा त्यांना.

साखळी एकदा करकरली, तसे मास्तर दचकून उठले. कय्यूम उंबऱ्यातूनच म्हणाला, तेल पाहिजे तिला, बाकी काही नाही. मास्तरांनी तेल घातलं. नंतर दिवेलागणीपर्यंत ते खालच्या पायरीवर पुस्तक उघडं ठेवून बसले होते, आणि त्यातलं एकही पान त्यांनी उलटलं नाही.