शुक्रवारचा ट्रक

तीन वर्षांपूर्वी इतोमावशीला याच ट्रकनं एन शुमार नावाच्या नव्या ज्यू वस्तीवर आणून टाकलं होतं. टाकलं म्हणजे अक्षरशः टाकलं. मोरोक्कोच्या डोंगरातून आलेल्या बायका त्या ओसाड माळावर उतरेनात, तेव्हा ड्रायव्हर नहूमनं ट्रकचा हौदा उचलला आणि माणसं, बोचकी सगळं वाळूत ओतलं. मावशीनं त्याला तोंडभर शिव्या घातल्या आणि मग तिथंच जर्दाळू लावले. नवऱ्यालाही तिथंच पुरलं.

आता वसाहत खात्याचे बिंडरसाहेब हुकूम घेऊन आले होते. पाण्याची पाइपलाइन येणार नाही, वस्ती मोडायची, ज्याला जिथं खोली मिळेल त्या शहरात त्यानं जायचं. साहेबांनी त्यासाठी निवडला नेमका शुक्रवार, ज्या संध्याकाळी ज्यूंचा शब्बाथ, म्हणजे कसलंही काम न करायचा विश्रांतीचा दिवस, सुरू होतो. गाद्या ट्रकात चढल्या तशी मावशी कासावीस झाली. ही माणसं एकदा पांगली की पुन्हा एकत्र येणार नव्हती.

"आटपा, आटपा!" साहेब ओरडले. "शब्बाथच्या आत पोचायचंय."

सूर्य अजून कासराभर वर होता. मावशी घरात गेली, दिवे लावले, डोळ्यांवर हात धरून प्रार्थना म्हटली आणि दारात येऊन उभी राहिली.

"दिवे लागले, आमचा शब्बाथ लागला. आता गाडीत बसणं नाही, ओझं उचलणं नाही."

"अहो, सूर्य दिसतोय अजून!"

"दिसू दे की. थोडे आधी लावलेले चालतात. तुमच्या आईला विचारा."

शेजारच्या खिडकीत दिवे लागले. मग पलीकडच्या. बघता बघता सगळी वस्ती उजळली आणि साहेबांचा पारा चढला.

"नहूम, उचल हिला आणि टाक वर!"

"काय रे नहूम," मावशी म्हणाली, "तुझ्या ट्रकला ओतता येतं. भरता येतं का?"

नहूमला हसू आलं, मग तो ओशाळला. त्यानं किल्ली खिशात टाकली. "मी नाही हात लावणार, साहेब. मावशी, मला जेवायला आहे का काही?"

"हंडी चुलीवर आहे. साहेबांनाही मिळेल."

गाद्या ट्रकातच अडकल्या होत्या, त्यामुळे त्या रात्री सगळे उघड्या जमिनीवर निजले. पाठ ठणकत होती, तरी मावशीला गाढ झोप लागली.

शनिवारी तारे दिसले, शब्बाथ सुटला आणि वस्ती ट्रकापाशी जमली. माणसं चढायला आली असं वाटून साहेब खूश झाले. पण नहूमनंच पहिली गादी खाली ओढली.

"जपून रे," मावशी म्हणाली. "या खेपेला नीट उतरव."