खाजेचा आकडा

कल्पना करा, बाळांनो, तुमच्या कोपरांत आणि गुडघ्यांमागे मुंग्यांनी वारूळ केलंय, आणि जो तो सांगतोय, "खाजवू नकोस." राग येईल ना? ही गोष्ट अशाच एका नऊ वर्षांच्या मुलीची. तिच्या अंगभर इसब होतं. हात सतत चालू, म्हणून घरात तिला खारूताई म्हणत.

दवाखान्यात इसबावरच्या नव्या इंजेक्शनची चाचणी चालली होती, तिच्यात खारूताईचंही नाव होतं. दर पंधरा दिवसांनी दंडात एक सुई. कुणाच्या सुईत औषध आणि कुणाच्या सुईत नुसतं मिठाचं पाणी, हे नर्सलाही ठाऊक नसे. रोज सकाळी एका वहीत आदल्या दिवसाच्या खाजेचा आकडा लिहायचा. शून्य म्हणजे काहीच नाही, दहा म्हणजे जीव नकोसा. खारूताईच्या बोटांना भेगा पडलेल्या, पेन धरवत नसे. ती आकडा सांगे, आई लिहून घेई.

तिसऱ्या खेपेला नर्सने वही उघडली. "सोमवार तीन, मंगळवार दोन, बुधवार दोन. छान की गं."

"माझे आठ होते," खारूताई म्हणाली. "बुधवारी तर नऊ. चादरीला रक्त लागलं होतं."

नर्सने आईकडे पाहिलं. आई पिशवीचा बंद पिळत राहिली. "बाहेर बाकावर एक बाई म्हणाल्या, आकडे वाईट आले की नाव कापतात. मग हिला सुई कोण देणार?"

"खाज माझी आणि आकडा तुझा?"

"तुझ्याच भल्यासाठी गं, राणी."

"मग रोज विचारायचीस कशाला? तोंड दुखवायला?"

नर्सचा आवाज चढला नाही, पण कान लाल झाले. "ताई, वाईट आकड्याने कुणाचं नाव कापत नाहीत. पण तुमच्या गोड आकड्यांनी निकामी औषधही गुणकारी ठरू शकतं. उद्या तेच दुसऱ्याच्या लेकराला टोचतील."

आईने पिशवीतून शाईचा खोडरबर काढला.

"खोडायचं नाही," नर्स म्हणाली. "एकच आडवी रेघ. जुना आकडा दिसला पाहिजे. शेजारी खरा आकडा, तारीख आणि तुमची सही. नक्की आठवतं तेवढंच."

"द्या, मी लिहिते," आई म्हणाली.

"तू नको."

खारूताईने पेनाला रुमाल गुंडाळला, ते मुठीत धरलं, बुधवारच्या दोनावर रेघ ओढली आणि शेजारी वाकडातिकडा नऊ काढला. मग वही आईपुढे सरकवली.

"आता सही कर."