चाळीस सेकंद

"मान हलवू नका, झालंच," असं म्हणत मी खुर्चीतल्या विद्यार्थ्याचे केस बाजूला केले आणि टाळूवर शेवटची तार चिकटवली. त्याचं काम सोपं होतं. मनात येईल तेव्हा बटण दाबायचं. त्या वेळी मेंदूत काय चालतं, ते पडद्यावर रेघांत दिसायचं.

पडद्यापाशी माझी धाकटी बहीण उभी होती. प्रयोग तिचा, प्रयोगशाळा तिची. आज आलेले परीक्षक खूश झाले, तर विभागप्रमुखाची खुर्चीही तिचीच. मी तारा चिकटवणारी.

"बटण दाबायचं असं आपण ठरवलं, हे आपल्याला नंतर कळतं, सर," ती परीक्षकांना सांगत होती. " मेंदूत तयारी आधीच सुरू झालेली असते."

"म्हणजे माणूस स्वतः काही ठरवतच नाही?"

"मला तर तसंच वाटतं."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. बाबांची ऐपत एकीलाच पुढं शिकवायची होती. "धाकटीला शिकवा, माझं राहू दे," असं मी म्हणाले, तेव्हा सतरा वर्षांची होते. तिच्या पदव्या, तिचे दौरे, ते न अडखळता बोलणं, सगळ्याचा मला हेवा वाटतो. लपवून काय उपयोग? पण ते एक वाक्य तरी माझं होतं. आता बाईसाहेब तेही काढून घ्यायला निघाल्या होत्या.

तेवढ्यात विद्यार्थ्यानं मान वळवली आणि टाळूवरची तार सुटली. सगळा प्रयोग त्याच तारेवर उभा. बहीण परीक्षकांकडे वळलेली होती, तिला दिसलं नाही. मला दिसलं.

मी जागची हलले नाही. होऊ दे एकदा फजिती! पडद्यावरची रेघ वेडीवाकडी नाचू लागली आणि, खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं.

मग मी गेले. पेस्ट लावली, तार दाबून धरली.

"या आमच्या टेक्निशियन," बहीण कौतुकानं म्हणाली. "यांचे हात आपोआप चालतात, सर."

"आपोआप नाही," मी म्हणाले.

परीक्षक हसले. पुढं सगळं छान पार पडलं.

ते गेल्यावर ती नोंदी तपासायला बसली. वेड्यावाकड्या रेघेपाशी थांबून तिनं खालची वेळ वाचली.

"ताई, तू समोरच होतीस ना?"

"हो."

"चाळीस सेकंद?"

"हो."

"आपोआप नाही," ती माझंच वाक्य हळूच म्हणाली. बिघडलेला तुकडा नोंदीतून काढून टाकायचा, हा तिचाच नियम. तिनं तो काढला नाही.