सुपारीखालचा रिपोर्ट

हंबीरराव भोईट्यांच्या घरात माणसापेक्षा कागदाला मान जास्त. सव्वीस वर्षं फौजेत काढून, सुभेदार होऊन ते फलटणजवळच्या आपल्या गावी परतले, तेव्हा ट्रंकेतून कपडे थोडे आणि कागद फार निघाले. एकूण एक कागद लॅमिनेशन केलेला. "फौजेत कागदावर जित्ता त्यो जित्ता, कागदावर मेला त्यो मेला," असं ते पारावर बसून सांगायचे.

थोरल्या मुलाच्या, राजवर्धनच्या लग्नाची याद, म्हणजे देण्याघेण्याची यादी, लिहायची ठरली, तेव्हाही त्यांनी अट घातली ती कागदाचीच. दोन्हीकडचे एचआयव्हीचे रिपोर्ट ताटात ठेवायचे, वर सुपारी ठेवायची आणि मगच सुपारी फोडायची. मुलगी कडेगावची, समीक्षा. तिच्या घरच्यांनी मान्य केलं. दोघांची तपासणी हंबीररावांनीच एका ओळखीच्या लॅबमध्ये करवली, रिपोर्टही त्यांच्याच हातात आले. समीक्षाच्या बोटातून थेंब काढून पट्टीवर टाकला होता. पट्टीवर दुसरी रेघ उमटली. पुसट, पण उमटली, आणि सुपारी फुटली नाही.

समीक्षाची धाकटी बहीण साक्षी तेव्हा एम.एस्सी.ला होती. तिने बहिणीला सरकारी दवाखान्यातल्या एचआयव्ही तपासणी केंद्रात नेलं. तिथे तीन वेगवेगळ्या पद्धतींनी रक्त तपासलं, तिन्ही स्वच्छ. तीन महिन्यांनी पुन्हा तपासलं, तेही स्वच्छ. ते सगळे कागद घेऊन साक्षी वडिलांबरोबर फलटणला गेली. हंबीररावांनी कागदांना हात लावला नाही.

"पोरगी चांगली असती तर दुसऱ्यांदा कशाला केली असती तपासणी?" ते म्हणाले. "पयला कागूद खोटं बोलतोय व्हय?"

गावोगाव बातमी व्हायला महिना पुरला. त्या वर्षी संक्रांतीला तिळगूळ देताना बायका समीक्षाच्या ओंजळीत वरूनच टाकत होत्या, बोटाला बोट लागू न देता. एकीनं तर तिळगुळाची वाटी ओट्यावरच ठेवली आणि म्हणाली, "घे गं आपल्या हातानं." समीक्षानं घेतली नाही. पुढच्या संक्रांतीला ती घराबाहेर पडली नाही.

हजार निरोगी माणसं तपासली, तर त्यातल्या दोन-चार जणांच्या पट्टीवर खोटी रेघ येऊ शकते. म्हणून पहिली रेघ हा निकाल नसतोच. पुढच्या तपासण्या करा, एवढंच ती सांगते. हे साक्षीनं दोन वर्षांत इतक्या जणांना समजावलं, की तिला ते झोपेतही म्हणता आलं असतं. ऐकणारे मान हलवायचे आणि चहा न घेता उठायचे. शेवटी तिनं समजावणं सोडलं आणि सांगलीत विश्रामबागच्या एका लॅबमध्ये नोकरी धरली. मनात मात्र एक गोष्ट गाठ मारून ठेवली होती. हंबीरराव कधीतरी कागदापुढे उभा राहील, आणि तेव्हा मी तिथे असेन.

तो दिवस एका सोमवारी सकाळी साडेदहाला उगवला.

दार ढकलून राजवर्धन आत आला. साक्षीच्या तोंडावर मास्क होता. त्यानं तिला पाहिलं होतं ते एकदाच, समीक्षाला बघायला आला तेव्हा, चहाचा ट्रे धरून उभी असताना. तिनं मात्र त्याला भुवईवरच्या खुणेवरून ओळखलं. शेजारच्या टेबलावर दुसरी तंत्रज्ञ बसली होती. तिला हाक मारून 'हा पेशंट तू बघ' म्हणता आलं असतं, आणि तेच रीतीला धरून होतं. साक्षीनं हाक मारली नाही. उठून त्याला आतल्या खोलीत नेलं आणि दार लावून घेतलं.

"इतक्या लांब सांगलीला आलात?" पत्ता लिहून घेताना तिनं विचारलं.

"काम होतं इकडं. मॅडम, एचआयव्हीचा रिपोर्ट पाहिजे. लग्नाचा आहे. रविवारी याद आहे, वाईला."

"तपासणीआधी काही विचारावं लागतं. तुम्ही सांगाल ते या खोलीबाहेर जात नाही. गेल्या तीन महिन्यांत काही धोका वाटण्यासारखं घडलंय?"

त्यानं पेनाचं टोपण काढून परत लावलं.

"मित्राच्या लग्नाची पार्टी होती, गोव्याला. मागच्या नाही, त्याच्या आधीच्या शनिवारी. लय झाली होती. काही वापरलं नव्हतं."

"म्हणजे आज नववा दिवस."

"व्हय. रिपोर्टमधे कळेल ना आता? नऊ दिवस झाले की."

 साक्षीनं दोन वर्षं उपाशी ठेवलेलं जनावर ताटासमोर आलं होतं. पण तिनं आवाज मोजून मापून ठेवला.

"नाही कळणार. विषाणू शरीरात शिरला तरी चाचणीला दिसण्याइतकी खूण रक्तात उमटायला वेळ लागतो. आज रक्त घेतलं, तर रिपोर्ट बहुधा निगेटिव्हच येईल. त्याचा अर्थ फक्त एवढाच, की गोव्याच्या आधी तुम्ही बरे होता."

"मग कधी कळेल?"

इथे ती थांबली. बोटाच्या थेंबावरच्या साध्या पट्टीला नव्वद दिवस धरतात. तिच्या लॅबमधल्या, शिरेतून रक्त घेऊन करायच्या चाचणीला पंचेचाळीस पुरतात. नव्वद म्हटलं असतं, तर हा माणूस आणखी दीड महिना होरपळला असता. जिभेवर नव्वदच आलं होतं. पण चुकीच्या आकड्यानं घेतलेला सूड तिला उष्ट्यासारखा वाटला. भोईट्यांनी चुकीच्या कागदावर माणूस जिवंतपणी मारला होता. ती बरोबर उत्तरानंच मारणार होती.

"पंचेचाळीस दिवस. आमच्याकडे शेहेचाळिसाव्या दिवशी या. त्यात निगेटिव्ह आलं की विषय संपला. त्याआधी कळणारी एक वेगळी तपासणी असते, पण ती स्वच्छ आली तरी ही करावीच लागते. तोवर रक्त कुणाला द्यायचं नाही, आणि कुणाशी संबंध ठेवायचा नाही."

"काही औषध?"

"होतं. बाहत्तर तासांच्या आत सुरू करायचं, अठ्ठावीस दिवसांचं. सरकारी दवाखान्यात मिळतं. तुमचे बाहत्तर तास त्या मंगळवारीच संपले."

 राजवर्धन पुढे सरकला. "मॅडम, मग असं करा. आजचं रक्त घ्या. निगेटिव्ह येईल म्हणताय ना? तो कागद द्या. नंतरचं नंतर बघू."

"देते की. तुमचा हक्क आहे. फक्त आमचे डॉक्टर त्याखाली एक ओळ लिहितात: संभाव्य संपर्कानंतर नवव्या दिवशीचा नमुना, पंचेचाळीस दिवसांनी फेरतपासणी केल्याशिवाय निष्कर्ष काढू नये."

"ती ओळ काढा."

"ओळ निघत नाही."

"मग मी दुसऱ्या लॅबमधे जातो. गोव्याचं सांगतच नाही."

"जा ना. कोरा स्वच्छ कागद मिळेल. ताटात ठेवा, वर सुपारी ठेवा." साक्षीनं मास्क खाली ओढला. "मी साक्षी. कडेगावच्या समीक्षाची बहीण."

 त्यानं खुर्ची मागे सरकवली.

"घाबरू नका," ती म्हणाली. "मी कुणाला काही सांगणार नाही. कायदा आहे तसा. आणि मी तो पाळते."

हे अक्षरशः खरं होतं. पण राजवर्धनचा त्यावर विश्वास बसणं शक्य नव्हतं, कारण त्याच्या घरात असलं काही झाकून ठेवल्याचं त्यानं कधी पाहिलंच नव्हतं. एका पोरीची एक पुसट रेघ त्यांनी दोन तालुक्यांत फिरवली होती. वाईला सुपारी फुटेल आणि कडेगावहून कुणाचा तरी फोन येईल, हे त्याच्या डोळ्यांत तिला स्पष्ट दिसलं. तिनं ते पुसायचा प्रयत्न केला नाही. रक्त न देताच तो निघून गेला.

रविवारची याद पुढे ढकलली गेली.

सदतीस दिवसांनी, बुधवारी, तो परत आला. वाळून निम्मा झालेला. दोघंही कामापुरतं बोलले. सुई शिरेत घालताना साक्षीच्या मनात आलं, येऊ दे पॉझिटिव्ह. मग स्वतःचीच तिला शिसारी आली, आणि तिनं मुद्दाम हलक्या हातानं सुई काढली. संध्याकाळी रिपोर्ट आला. निगेटिव्ह, पक्का. त्याच्या हातात पाकीट देताना ती म्हणाली, "सुटलात." तो पाकिटाला कपाळ टेकवून जिन्यातच बसला.

साक्षीला वाटलं, संपलं. पण संपलं नव्हतं. त्यानंतर नवव्या दिवशी हंबीरराव स्वतः आले. डोक्याला फेटा, काखेत फाइल, आणि फाइलमधे प्लॅस्टिक चढवलेला तो निगेटिव्ह रिपोर्ट.

"बसा," ती म्हणाली.

ते बसले नाहीत. "वळखलंय मी तुला. राजूनं सांगितलं सगळं. आता माजं ऐक. म्या वाईवाल्यांना सांगितलं व्हतं, रिपोर्ट नव्यानं काढायचाय, थोडं थांबा. आता ह्यो कागद नेऊन दावला, तर म्हणत्यात, पोरगं चांगलं असतं तर दुसऱ्यांदा कशाला काढला असता? पयल्यात कायतरी निघालं असंल. पावण्यारावळ्यांत बोभाटा झालाय. धाकट्याला आलेलं स्थळसुदिक परत गेलं." त्यांचा आवाज फाटला. "आगं, ह्या बारीला पयला रिपोर्ट काढलाच न्हाई तर निघंल काय त्यात?"

"मग त्यांना तसं सांगा."

"सांगून ऐकत्यात व्हय लोकं? तू लॅबची हायस, तुजं ऐकतील. एक फोन कर. येका कागदावर, येका बोलण्यावर माणूस ठरतो व्हय?"

"काय म्हणालात?"

हंबीररावांनी वाक्य पुन्हा उच्चारलं. अर्ध्यात त्यांना कळलं आपण काय म्हणतोय ते, तरी सुभेदारानं ते शेवटपर्यंत नेलं.

"त्या दिवशी तुमच्या ओसरीवर मी कागद धरून उभी होते," साक्षी म्हणाली. "तुम्ही हात लावला नाही."

"न्हाई लावला."

"मी कुणाचा रिपोर्ट कुणाला सांगत नाही. फोन होणार नाही."

ते फाइल काखेत मारून वळले. दारात थांबून म्हणाले, "सूड घेतीयास व्हय पोरी?"

"मी नियमाबाहेर काही केलेलं नाही."

हेही खरं होतं. फक्त एक गोष्ट तिनं सांगितली नव्हती. राजवर्धननं लेखी संमती दिली असती, तर लॅबच्या डॉक्टरांना वाईच्या लोकांना बोलावून सगळं समजावता आलं असतं. कपाटात संमतीचे छापील कागद होते. हंबीरराव जिना उतरेपर्यंत त्या कपाटाकडे तिनं पाहिलंसुद्धा नाही.

शनिवारी ती कडेगावला गेली. समीक्षा अंगणात शेंगा फोडत बसली होती. साक्षीला पाहताच तिचा चेहरा खुलला. असा खुललेला तो दोन वर्षांत कुणी पाहिला नव्हता.

"ऐकलंस का गं? आळीतली दगडामावशी सांगत होती. भोईट्यांचं लग्न मोडलं. त्या राजवर्धनच्या रिपोर्टात म्हणे निघालं काहीतरी." तिनं एक शेंग दोन बोटांत दाबून कडकन फोडली. "निघणारच. आता पुढच्या संक्रांतीला त्यांच्या घरच्या बायकांना कळू दे, तिळगूळ वरून टाकला की कसं वाटतं. आणि कागूद खोटं बोलतोय व्हय?"

ती हसली. चांगली मोठ्यानं, पाठ भिंतीला टेकवून.

एका रिपोर्टवरून, एका ऐकीव गोष्टीवरून काही ठरत नसतं, हे साक्षीचं पाठ झालेलं वाक्य होतं. कुणाचंही नाव न घेता, कुठलाही नियम न मोडता ते आत्ता म्हणता आलं असतं. दोन वर्षं ते तिनं या बहिणीसाठीच सगळ्या जगाला ऐकवलं होतं.

तिनं सूप पुढे ओढलं, मूठभर शेंगा घेतल्या आणि बहिणीशेजारी बसून फोडायला लागली.