हाताला गुण

सासूबाईंनी सुनेच्या धंद्याचं नाव नऊ वर्षांत एकदाही नीट घेतलं नव्हतं. 'कायरोप्रॅक्टर' म्हणायला जीभ वळत नाही, असं त्या सांगत. ही तीच जीभ, जिने टेलिफोन एक्स्चेंजमध्ये जन्मभर नाही नाही त्या गावांची नावं न अडखळता घेतली होती. तेव्हा जीभ वळत नव्हती हे काही खरं नव्हे, वळवायची नव्हती. कुणाशी ओळख करून द्यायची वेळ आली की त्या म्हणत, "ही आमच्या चिरंजीवांची बायको. माणसांची हाडं कडकडवते." 'माझी सून' हे दोन शब्द त्यांच्या तोंडून कधी बाहेर पडले नाहीत.

पिकतं तिथे विकत नाही म्हणतात. धावणारे, पोहणारे, एका गुडघ्यात तीन दुखणी घेऊन लंगडणारे फुटबॉलवाले सुनेच्या हातून मणके आणि सांधे मोकळे करून घेण्यासाठी तिच्या टेबलावर पालथं पडायला आठवडा आठवडा थांबत, आणि घरातली खेळाडू मान अवघडली तरी शेकाची पिशवी घेऊन बसे.

कारण सासूबाई खेळाडू होत्या, आणि ऐऱ्यागैऱ्या नव्हत्या. एक्स्चेंजच्या संघातून त्यांनी टेबल टेनिस सुरू केलं ते साठी उलटली तरी सोडलं नाही. दुहेरीतली त्यांची जोडीदार म्हणजे एक्स्चेंजमधली शेजारच्या खुर्चीवरची मैत्रीण. ती डाव्या हाताने खेळे म्हणून घरात तिला सगळे डावी मावशी म्हणत. एक उजवी आणि एक डावी असली की दोघी एकमेकींच्या पायांत येत नाहीत आणि टेबलाचे दोन्ही कोपरे राखता येतात. अशी जोडी जमायला नशीब लागतं, आणि यांचं नशीब चाळीस वर्षं टिकलं होतं. आता वयस्करांची मोठी स्पर्धा दोन महिन्यांवर आली होती. ती झाली की डावी मावशी कायमची लेकीकडे राहायला जाणार होती, म्हणजे दोघींची ही शेवटची स्पर्धा. नेमका तेव्हाच सासूबाईंचा उजवा खांदा गेला.

सोनोग्राफीत दिसलं की खांद्यातली एक कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी बांधून ठेवणारी दोरी, अर्ध्यापर्यंत फाटली आहे. सुनेच्या दवाखान्याशेजारच्या खोलीत खेळाडूंचा डॉक्टर बसे. त्याने उपाय सांगितला तो असा: सासूबाईंचंच रक्त काढायचं, यंत्रात गरगर फिरवायचं, वर येणारा पिवळसर प्लाझ्मा सुईने थेट त्या फाटक्या जागी सोडायचा आणि दुरुस्ती शरीरावर सोपवायची. पाठ आणि मान मोकळी करणं, खांद्याचं पातं सरकतं ठेवणं आणि पुढचे व्यायाम हे सुनेकडे.

"आता एक गोष्ट तिघांनीही ऐका," डॉक्टर म्हणाला. "हे इंजेक्शन आठवडाभर चांगलंच दुखतं. दुखू द्यायचं. सूज आली म्हणजे शरीर कामाला लागलं. सूज उतरवणारी गोळी महिनाभर घ्यायची नाही. बर्फ लावायचा नाही. फारच असह्य झालं तर तापाची साधी गोळी, तीही मला विचारून. हे पाळलंत तर स्पर्धेचं बघू."

तिघं म्हणजे सासूबाई, सून आणि मुलगा. मुलगा लिफ्ट तपासणारा इन्स्पेक्टर होता. दोर झिजलेला दिसला तर दहा मजल्यांची इमारत जिने चढायला लावेल असा कडक, पण घरी लोण्याहून मऊ. सुई आत गेली तेव्हा तो भिंतीवरचं स्नायूंचं चित्र बघत उभा होता.

पहिले दोन दिवस सासूबाईंनी घर डोक्यावर घेतलं. "रोग परवडला, पण हिचं औषध नको," त्या दारात येणाऱ्या प्रत्येकाला सांगत. इंजेक्शन डॉक्टरने दिलं होतं, पण ते सुनेच्या नावावर जमा झालं. मुलगा खोलीच्या उंबऱ्याशी घुटमळे आणि आईने कूस बदलताना 'आई गं' म्हटलं की स्वतःच कळवळे.

तिसऱ्या दिवशी कण्हणं थांबलं. पुढच्या काही दिवसांत त्या आपल्या हाताने केस विंचरू लागल्या. आठवडा उलटला आणि 'नुसती बघून येते' म्हणून टेबल टेनिसच्या हॉलवर गेल्या त्या घामाघूम होऊन परतल्या. सुनेने हटकलं तर म्हणाल्या, "चार चेंडू टोलवले फक्त. काही म्हणजे काही दुखलं नाही." मग त्यांनी डाव्या मावशीला फोन लावला आणि सुनेच्या कानावर पडलं ते असं:

"अगं, माझ्या सुनेच्या हाताला गुण आहे! मला काय माहीत, घरातच आहे ते!"

सून टॉवेलांच्या घड्या करत होती. तिने एकाच टॉवेलाची घडी तीनदा घातली.

तिला तेव्हाच शंका यायला हवी होती. उपचाराच्या टेबलावर दुखऱ्या जागी दाबलं की पेशंट उसळायला हवा, आणि सासूबाई तर डुलकी काढत होत्या. पण माणूस निंदेची दहा कारणं शोधतो, स्तुतीचं एकही शोधत नाही. काही जणांना लवकर गुण येतो, असं तिने मनाशी ठरवून टाकलं. हॉलवरच्या बायकांचे फोन येऊ लागले. कुणाची कंबर, कुणाची टाच. सासूबाई तोंड भरून कौतुक करत होत्या आणि सून हरभऱ्याच्या झाडावर अगदी वरच्या फांदीला जाऊन बसली होती.

घरात आणखी एक नवल चाललं होतं. ज्या नवऱ्याला चमचे कुठल्या खणात असतात हे विचारावं लागे, तो सकाळ-संध्याकाळ आईला पाणी आणि कॅल्शियमची गोळी नेऊन देत होता. सुनेला ते फार गोड वाटलं होतं.

शुक्रवारी सासूबाई टेबलाच्या खाचेत तोंड घालून पडल्या असताना म्हणाल्या, "खांद्याचं झकास आहे गं. पण छातीत जळजळतं हल्ली. आंबट ढेकर येतात."

"कधीपासून?"

"इंजेक्शननंतर दोन-तीन दिवसांनी. ते कॅल्शियम काही मला सोसत नाही बघ."

सुनेचे हात त्यांच्या पाठीवर तसेच थांबले.

संध्याकाळी तिने नवऱ्याला स्वयंपाकघरात गाठलं. "कॅल्शियमच आहे ना ते?"

तो नळ सोडून भांडं धुऊ लागला. भांडं स्वच्छ होतं.

"मला बघवेना," तो म्हणाला. "सुजेची गोळी दिली. आईला सांगितलं असतं तर तिने घेतली नसती. आणि झालं ना बरं? तुझंही नाव झालं."

"बरं नाही झालं. दुखणं ऐकू येईनासं झालं. लिफ्टची घंटा वाजते म्हणून तू घंटेची तार कापशील का?"

त्याने नळ बंद केला. तारेचं त्याला लगेच कळलं. "आता काय?"

"गोळ्या बंद. मी सांगते त्यांना. उद्या."

आता, सांगायला उद्या कशाला लागतो? सासूबाई पलीकडच्या खोलीत बॅटचं रबर पुसत बसल्या होत्या. पण सून गेली नाही. कसं सांगावं याची जुळवाजुळव करायची आहे, असं ती स्वतःला म्हणाली.

शनिवारी संध्याकाळी हॉलवरच्या तिघी सासूबाईंना न्यायला आल्या. सराव होता, पूर्ण सामना. कालपर्यंतच्या गोळ्यांचा अंमल अजून उतरला नव्हता. सून दारात आली ती बोलायचंच ठरवून. तेवढ्यात सासूबाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला.

"हीच ती. माझी सून," त्या मैत्रिणींना म्हणाल्या. "कायरोप्रॅक्टर आहे."

अक्षर न् अक्षर स्पष्ट. जीभ बरोबर वळली होती.

सुनेच्या मनात आलं, आत्ता चौघींदेखत कशाला, आल्यावर सांगू; एका संध्याकाळने काय होतंय? ती हसली. "सांभाळून खेळा, आई," एवढंच म्हणाली. जिना उतरताना सासूबाईंनी हवेत स्मॅश मारून दाखवला आणि तिघींनी टाळ्या वाजवल्या. त्या परतल्या तेव्हाही घरभर कौतुकच चाललं होतं आणि सून मूग गिळून बसली होती.

रविवारी सकाळी सासूबाईंना किटली उचलवेना. हात अर्ध्यावर गेला आणि किटली ओट्यावर आदळली. मुलगा पांढराफटक पडला. मग सुनेने टेबलाशी बसून सगळं सांगितलं. गुण हाताचा नव्हता, गोळ्यांचा होता.

"कसल्या गोळ्या? मी कॅल्शियमशिवाय काही..." सासूबाई थांबल्या आणि मुलाकडे वळल्या.

"आई, मला बघवत नव्हतं गं."

"बघवत नव्हतं तर डोळे मिटायचे होतेस," त्या म्हणाल्या. दिवसभर त्या कुणाशीच बोलल्या नाहीत.

सोमवारी डॉक्टरने पुन्हा सोनोग्राफी केली. पडद्यावर त्याने जुनी फाट दाखवली आणि तिच्या पुढे वाढलेली नवी दाखवली. गोळ्यांनी इंजेक्शन वाया गेलं का, हे छातीठोक सांगता येणार नाही, असं तो म्हणाला. पण बधिर खांद्याने खेळल्यामुळे फाट वाढली, हे नक्की. पुन्हा इंजेक्शन घ्यावं लागेल, मग सगळं पहिल्यापासून.

"स्पर्धा?"

"नाही. या वेळी नाही."

सासूबाईंनी मान हलवली. त्यांनी डाव्या हाताने पर्समधून फोन काढला आणि तिथेच बसल्या बसल्या डाव्या मावशीला सांगितलं, "दुसरी बघ. उजवी बघ, आणि जरा उंच बघ. नाही गं, रडू नकोस. ठेवते." एक्स्चेंजमध्ये तीन मिनिटं संपली की लाइन तोडत, तसा त्यांनी फोन तोडला. डॉक्टर तयारीला आत गेला.

खोलीत दोघीच उरल्या.

"तुला कधी कळलं?" सासूबाईंनी विचारलं.

सुनेला खोटं बोलता आलं असतं. रविवारी म्हटलं असतं तरी भागलं असतं, नवरा काही बोलला नसता.

"शुक्रवारी."

"आणि शनिवारी मी खेळायला गेले तेव्हा तू दारात होतीस."

"हो."

"फाट शनिवारी वाढली?"

"सांगता येत नाही. पण बहुतेक तेव्हाच."

"मग बोलली का नाहीस?"

सुनेला लाज वाटत होती आणि ती लपवायला जागा नव्हती.

"तुम्ही माझं कौतुक करत होतात," ती म्हणाली.

चाळीस वर्षांची जोडी, शेवटची स्पर्धा आणि चांगला खांदा, एवढं सगळं त्या एका वाक्याला गेलं होतं. भिंतीपलीकडे रक्त फिरवायचं यंत्र तपासून बघताना घुर्र वाजून थांबलं.

"मेले, एवढी भूक होती तर आधी सांगायचं," त्या शेवटी म्हणाल्या. त्यांचा आवाज नेहमीसारखा चढला नाही. "वर्षाला दोन शब्द टाकले असते मी. मला काय जड होतं? खांदा तरी वाचला असता."

सुनेला रडू फुटलं. सासूबाईंनी तिला जवळ घेतलं नाही की डोळे पुसले नाहीत. त्यांनी डावी बाही कोपराच्या वर सारली आणि दंड पुढे केला.

"रक्त काढायचा पट्टा तू बांध," त्या म्हणाल्या. "आणि या वेळी दुखलं तर मी तुलाच शिव्या देणार आहे. ऐकून घ्यायच्या."