चौधारीचा वेल आणि दारावरचा दिवा

चौधारी घेवड्याचं बी भलतं टणक. नेलकटरनं कडेला जरासं खरवडून रात्रभर भिजत घातलं नाही, तर मातीत ढिम्म पडून राहतं. सुनेनं ते सगळं केलं होतं. तिच्या वहिनीनं घर विकून फ्लॅटमध्ये जाताना उरलंसुरलं बी तिला दिलं होतं. बरंचसं जुनं निघालं, तीनच रोपं उगवली. यंदा शेंगा वाळवून नवं बी धरायचंच, असं तिनं ठरवलं.

वेल अंगणातल्या मांडवावर चढला, पानांनी गच्च भरला, पण फूल एक नाही.

"नुसता माजलाय," शेजारीण म्हणाली.

सुनेनं खत बंद केलं, शेंडे खुडले, पाणी कमी केलं. वेलाला त्याचं सोयरसुतक नव्हतं.

घरात ती आणि सासरे दोघंच. नवरा कामानिमित्त परगावी. सासऱ्यांनी उभा जन्म बस चालवली होती. मोतीबिंदू वाढला तसे ते एकदा पायरीवरून पडले आणि मनगट मोडून बसले. संडास अंगणापलीकडे, रात्री दोन-तीनदा उठावं लागायचं. म्हणून सुनेनं दारावर मोठा दिवा लावून घेतला. तो संध्याकाळी लागला की उजाडेपर्यंत जळायचा.

मग एका डोळ्याचं ऑपरेशन झालं. पट्टी निघाल्यावर सासरे घरभर वस्तू पाहत फिरले.

"ही बादली निळी आहे होय? मी आपली करडी समजत होतो."

अंगणाच्या टोकाला गेल्यावर त्यांनी हाक मारली. "सूनबाई, न्हाणीमागे निळं निळं काय आहे?"

वेलाची एक फांदी न्हाणीच्या पत्र्यावरून पलीकडे उतरली होती. तिच्यावर फुलंच फुलं.

"एकाच वेलाची ना ही? मग इकडेच कशी?" ती म्हणाली.

सासऱ्यांनी न्हाणीच्या भिंतीकडे पाहिलं, मग दारावरच्या दिव्याकडे. "इथे दिवा पोचत नाही. आमच्या डेपोत दिव्याच्या खांबाजवळ एक झाड होतं. सगळ्या झाडांची पानं गळली तरी त्याची गळायची नाहीत. त्या बिचाऱ्याला दिवस लहान झालेला कळायचाच नाही. मांडवावरच्या वेलालाही रात्र कळत नसेल, मग फुलणार कधी?"

"असेल," असं म्हणून तिनं विषय सोडला. दिवा कोणासाठी लावलाय, ते दोघांनाही ठाऊक होतं.

त्या संध्याकाळी सासऱ्यांनी दिवा बंद केला. तिनं लावला. त्यांनी पुन्हा बंद केला.

"बाबा, वेल मोठा की मनगट?"

"मनगट माझं आहे."

"प्लास्टर मी सांभाळलंय."

दोन दिवस हेच चाललं. तिसऱ्या पहाटे ती उठली, तर अंधारात भिंत चाचपत सासरे पायऱ्या उतरत होते. तिनं त्यांचा दंड धरून खाली नेलं आणि परत आणलं.

सकाळी तिनं तेलाचा रिकामा डबा कापला आणि स्टुलावर चढून दिव्याभोवती बसवला. संध्याकाळी दिवा लावून पाहिला, तर उजेड अजून मांडवावर जात होता. ती पुन्हा स्टुलावर चढली. सासरे खालून सांगत होते, "डावीकडे घे. अजून. बस, दाब ब्रेक." उजेड पायऱ्यांवर आणि संडासाच्या वाटेवर पडला, मांडव काळोखात गेला.

"दिव्याखाली अंधार म्हणतात," सासरे म्हणाले, "आपल्याकडे तेवढाही नव्हता."

काही आठवड्यांनी मांडवही फुलला, पण उशिराच. तिथल्या कोवळ्या शेंगा सासऱ्यांनी मागून मागून खाल्ल्या. न्हाणीमागच्या शेंगांना तिनं हात लावू दिला नाही. त्या तपकिरी झाल्या, चारही धारा सुरकुतल्या, हलवलं की आत बिया वाजू लागल्या.

सगळं सोलून जेमतेम वाटीभर बी निघालं. सासऱ्यांनी चष्मा न लावता किडकं वेगळं केलं, आणि चष्मा लावला नव्हता हे दोनदा सांगितलं. उरलेलं तिनं सावलीत वाळवलं, नख रुतेनासं झाल्यावर बाटलीत भरलं आणि बाटली डाळीच्या डब्यांमागे ठेवली.

"तिथे नको," सासरे म्हणाले. "घाईत एखाद दिवशी शिजवून टाकशील."

तिनं बाटली वरच्या फळीवर हलवली.