अँब्रोजच्या जागी बदली

निदर कॉम्बरी गावच्या चर्चचं आवार भरलं. आठशे वर्षं गाव तिथे माणसं पुरत होतं, त्यामुळे कुणी घाई केली असं म्हणता येणार नाही. फाटकावर नोटीस लागली : यापुढे दफन बंद, मृतांनी हमरस्त्यालगतच्या नव्या दफनभूमीत जावं.

शेवटचा आत गेला तो डॉर्कस पिमचा नवरा, अँब्रोज. नोटीस तिने तीनदा वाचली. कारण गावची रीत अशी, की शेवटी पुरला जाईल त्याने फाटकावर पहारा द्यायचा, पुढचा येईपर्यंत. आता पुढचा येणारच नव्हता.

रोज दिवेलागणीला ती फाटकाशी जाऊन उभी राही. आत कुणी नसे; पण कडी आतून अलगद उचलली जाई, पुन्हा पडे, आणि अँब्रोजचा खोकला ऐकू येई. दर दिवशी थोडा जास्त दमलेला.

शेवटी तिने पाद्रीसाहेबांना गाठलं.

“डॉर्कसबाई, या जुन्या समजुती आहेत हो.”

“असू देत. मग तुम्ही फाटकातून का जात नाही? परवा भिंतीवरून उतरताना पाहिलं मी तुम्हाला. झग्यासकट.”

पाद्रीसाहेबांनी बराच वेळ चहा ढवळला. त्यात साखर नव्हती.

“शवपेटी पुरता येणार नाही,” ते हळूच म्हणाले. “रक्षा मात्र चालते.”

डॉर्कसच्या फडताळात, बिस्किटांच्या डब्यात, तिचा भाऊ पर्सी पाच वर्षं पडून होता. जिवंतपणीही तो असाच पडून असायचा.

“ऊठ पर्सी,” ती डब्याला म्हणाली. “नोकरी लागली तुला.”

गुरुवारी दुपारी डबा पुरला. पाद्रीसाहेबांनी प्रार्थना जरा भरभरच उरकली. त्या संध्याकाळी कडी हलली नाही. फाटकामागून नुसतं पर्सीचं घोरणं ऐकू आलं. डॉर्कसने डोळे टिपले. सुटला बिचारा अँब्रोज. आता निवांत झोपेल.

घरी येऊन तिने दाराला खिट्टी घातली, एक अंडं उकडायला ठेवलं. तेवढ्यात बाहेरच्या पायपुसण्यावर कुणीतरी जोडे घासू लागलं. आधी डावा, मग उजवा, सावकाश.

सुटलेला पहारेकरी कुठे जातो, हे आठशे वर्षांत कुणी कुणाला विचारलंच नव्हतं.

“डॉर्कस, उघड गं. गारठलोय.”

तिने पाण्यात दुसरं अंडं सोडलं. खिट्टी मात्र काढली नाही.